कप्तान अजून उतरल्या नाहीत

३ ऑक्टोबर, सोमवार

पोहोचले एकदाची. नवी वही, नवी नोकरी, आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच अशी खोली जिच्यात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं अंथरूण नाही. आईच्या आजारपणात मी तिच्याच पायथ्याशी झोपायचे. ती गेल्यावरही महिनाभर तिथेच झोपत राहिले, दुसरीकडे पाठ टेकायची सवयच मोडली होती. आज या पलंगावर आडवी पडले आणि मोठ्याने हसले.

घर अंतराळ संस्थेचं आहे. दुमजली, पांढरं, रस्त्याच्या टोकाला, टायरच्या दुकानापलीकडे. खाली बसायची खोली, स्वयंपाकघर आणि पेशंटची खोली. वर माझी खोली, शेजारी सिस्टरची, आणि व्यायामाचं सामान ठेवलेला एक हॉल. माझ्या खिडकीतून टायरवाल्याच्या पत्र्यावर वाळत घातलेले हातमोजे दिसतात.

आणि पेशंट एकच! दवाखान्यात एकोणीस वर्षं मी दिवसाला बावीस गुडघे वाकवले आहेत. इथे एक बाई. चारशे अकरा दिवस पृथ्वीच्या वर राहून आलेली. उतरून पाच आठवडे झाले, दवाखान्यातलं सगळं उरकलं, आता तिला घरात राहायला शिकवायचं. सगळे तिला कप्तान म्हणतात, नवरासुद्धा. नवरा शिंपी आहे, म्हणजे होता, आता दुकान बंद केलंय. टेलर मास्तर, म्हणून ते मास्तर. त्यांनी माझी बॅग वर आणून दिली आणि जाता जाता माझ्या कोटाचा उजवा खांदा उतरलाय, द्या, नीट करून देतो, असं सांगून गेले.

कप्तान खुर्चीत बसल्या होत्या. पंचावन्नच्या असतील, केस बारीक कापलेले. म्हणाल्या, गुडघे ठीक आहेत, फक्त तुमची पृथ्वी जरा जड आहे. मला आवडल्या.

५ ऑक्टोबर

मेंदूचे डॉक्टर आले होते. दर आठवड्याला येणार. त्यांनी मला कप्तानांच्या मेंदूच्या दोन फिल्म उजेडात धरून दाखवल्या, जाण्याआधीची आणि आल्यानंतरची. मेंदू कवटीत पाण्यात तरंगत असतो. वजन नाहीसं झालं की तो हळूहळू वर सरकतो, टाळूच्या हाडाला जाऊन भिडतो, आणि आतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगतात. डॉक्टर म्हणाले की माणूस ठरलेल्या तारखेला खाली येतो, पण मेंदू आपल्या सवडीनं उतरतो. कधी वर्षानं, कधी तीन वर्षांनी.

शिवाय कानात बारीक खडे असतात, तेच आपल्याला खाली कुठे आहे ते सांगतात. वर असताना त्यांच्या बोलण्याला अर्थ नसतो, म्हणून मेंदू त्यांचं ऐकणं सोडतो. इथे आल्यावर त्याला पुन्हा ऐकायला लावायचं, हे माझं काम. गुडघ्यांशी भांडून झालं, आता खड्यांशी.

दुपारी कप्तानांनी बोलता बोलता चहाचा कप हवेत सोडून दिला. ठेवला नाही, सोडला, जसा आपण टेबलावर ठेवतो तसा, अगदी निवांत. मास्तर फडकं घेऊन आलेच. म्हणाले, सहावा.

१२ ऑक्टोबर

काम मार्गी लागलंय. सकाळी दोन तास चालणं, वळणं, जिना. दुपारी पुन्हा तेच. कप्तान मेहनती आहेत, मीच दमते. मला वाटलं होतं एका पेशंटमध्ये विश्रांती मिळेल. पण सारखं एकाच माणसाकडे बघत राहायचं, त्याच्या पडण्याआधी आपला हात तिथे पोचला पाहिजे, याचा शीण वेगळा असतो. जेवून उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

मास्तरांनी सांगितलं की उतरल्या उतरल्या कप्तानांची उंची दोन बोटं वाढलेली होती. त्यांच्या हातात टेप होतीच. रोज सकाळी मापायचे. पाचव्या दिवशी माप जुन्यावर आलं तेव्हा त्यांना वाटलं, आली बाई परत. सांगताना ते हसत होते, मग हसायचे थांबले.

डोळे उघडे असले की कप्तान व्यवस्थित चालतात. डोळे मिटले की ओल्या कपड्यासारख्या खाली येतात. मी विचारलं, मिटल्यावर काय वाटतं? त्या म्हणाल्या, काहीच नाही. कुठलीच बाजू नसते. पलंगावर झोपताना छताला लटकल्यासारखं वाटतं, म्हणून पट्टा बांधून घेतात.

२१ ऑक्टोबर

डोळे मिटून त्या आज पूर्ण एक मिनिट उभ्या राहिल्या. सिस्टरनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मग माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. डावी पोटरी खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकलेली होती. केसाएवढी. त्या तेवढ्यावर उभ्या होत्या.

खुर्ची बाजूला घेतली तर त्यांनी पंखा लावायला सांगितला. वारा कुठून येतो त्यावरून त्या उभ्या राहिल्या. मी पंखा बंद करणार होते, पण केला नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि मलाही घरी जायचं असावं तसं झालं होतं. घरी म्हणजे कुठे, ते कळेना.

आणखी एक. मास्तरांनी पाणी दिलं की त्या दर वेळी आभार मानतात. तीस वर्षांचा संसार झालेली बाई इतके आभार मानत नाही.

२८ ऑक्टोबर

तपासणी झाली. डॉक्टर घाईत होते, परिषदेला परदेशी जायचं होतं. फॉर्ममध्ये एक ओळ असते: डोळे मिटून दिशेचं भान. त्यापुढे मी लिहायचं. कप्तान आदल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या की आता या परीक्षा पुरे, जीव विटला, एकदा चांगलं लिहून टाका. मलाही रोज नवा तक्ता भरून कंटाळा आला होता.

मी ‘चांगलं’ असं लिहिलं आणि सही केली.

पोटरीचं आणि पंख्याचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलं नाही.

१ नोव्हेंबर

चांगल्या फॉर्मचा परिणाम लगेच झाला. संस्थेनं सिस्टरला दुसरीकडे पाठवलं, आता तिची गरज नाही म्हणे. जाताना ती माझ्या गळ्यात पडली, म्हणाली, सुटले. आता कप्तानांची अंघोळ, गोळ्या, रात्रीचा पट्टा, सगळं माझ्याकडे. वर एकटीच मी.

धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज असा का येतोय म्हणून विचारत होती. म्हटलं, झोप कमी.

६ नोव्हेंबर, रविवार

थंडी एकदम पडली. संस्थेनं बसायच्या खोलीत आणि माझ्या खोलीत गॅसचे हीटर बसवून दिले. गॅसवाला भिंतीत छताखाली जाळी ठोकून गेला. बजावून गेला की ही जाळी कधी झाकायची नाही. झाकली की हवा बिघडते, वास येत नाही, डोकं जड होऊन झोप लागते, गाल लालबुंद होतात, आणि मग माणूस उठत नाही. मास्तरांनी त्याच्याकडून दोनदा ऐकून घेतलं.

दुपारी कप्तान आणि मी बसलो होतो. मास्तर माझा कोट घेऊन खांदा उसवत होते. ते आत गेल्यावर कप्तान माझ्याकडे वाकल्या आणि अगदी आपुलकीनं म्हणाल्या,

“तुम्ही सगळे फार छान वठवता. विशेषतः ते.”

मी विचारलं, काय वठवतो? त्यांनी हातानं सगळी खोली दाखवली. घर, खिडकी, टायरचं दुकान. म्हणाल्या की उड्डाणाआधी आम्हाला अशा खूप खोल्यांतून सराव करायला लावतात, पण इतकी बारकाईनं केलेली पहिल्यांदाच पाहिली. कपाटामागचे स्क्रूसुद्धा गंजवले आहेत. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, खरं उतरायचं कधी?

मी म्हटलं, कप्तान, तुम्ही उतरलात. दोन महिने झाले.

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. जसं पेशंट समजत नाही तेव्हा मी थोपटते.

७ नोव्हेंबर

संस्थेत फोन लावला. डॉक्टर वीस तारखेपर्यंत नाहीत. त्यांच्या जागी कुणी तरुण मुलगी होती, चांगलं बोलली. म्हणाली, थोडा गोंधळ सगळ्यांनाच होतो, नोंद ठेवा. इतकं कुणाचंच झाल्याचं ऐकलेलं नाही. आणि ताई, तुमच्याच फॉर्मवर तर दिशेचं भान चांगलं आहे.

तरी काही कमी-जास्त वाटलं तर कळवा म्हणाली.

मास्तरांना सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, ताई, ती रोज सकाळी मला विचारते की तुमचं खरं कुटुंब कुठे असतं, त्यांना तुमची आठवण येत असेल. मी सांगतो, येते हो, खूप येते.

११ नोव्हेंबर

व्यायाम जवळजवळ बंद. त्या करत नाहीत आणि मी आग्रह करत नाही. माझेच पाय उचलत नाहीत.

दिवसभर त्या भिंतींना कान लावून फिरतात. दाराच्या फटीपाशी बोट धरतात, ओलं करून. आज जिन्यात मला थांबवलं. माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, अगदी डॉक्टरासारखी. मग म्हणाल्या,

“तुम्ही इतक्या थकलेल्या का, माहीत आहे? हवा जातेय. हळूहळू. ते शिंपीही थकलेत. कुठेतरी गळती आहे.”

मी हसण्यावारी नेलं. पण वर येऊन पलंगावर बसले आणि कितीतरी वेळ श्वास मोजत राहिले. आठ वर्षांत माझ्या थकव्याचं कारण कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं आणि उत्तरही दिलं. क्षणभर मला ते पटलंसुद्धा. हे लिहून ठेवते, कारण मला त्याची भीती वाटली.

१४ नोव्हेंबर, सोमवार

खाली उतरले तर दोघं मिळून खिडक्यांच्या फटींना रुंद चिकटपट्टी लावत होते. कप्तान दाबत होत्या, मास्तर त्यांच्या मोठ्या कात्रीनं एकसारखे तुकडे कापून देत होते. पट्टीची कड एवढीशीही वाकडी नाही. मी मास्तरांना बाजूला घेऊन रागावले. त्यांनी खाली बघितलं. म्हणाले, दोन तास शेजारी बसून काम केलं तिनं माझ्याबरोबर. मला म्हणाली, तुमचा हात चांगला आहे. ताई, आल्यापासून पहिल्यांदा.

मी जाळीवरची पट्टी तेवढी काढली. खिडक्यांची राहू दिली. काढायला स्टुलावर चढावं लागलं असतं.

१५ नोव्हेंबर

जाळीवर पुन्हा पट्टी. काढली. संध्याकाळी पुन्हा. आता माझ्या खोलीतल्या जाळीवरही. मी आंघोळीला गेले तेवढ्यात.

चिकटपट्ट्यांची रिळं शोधून माझ्या कपाटात ठेवली. चार होती. कप्तान शांत. म्हणाल्या, तुम्हाला भोवळ येतेय म्हणून तुम्ही असं वागताय, मी रागावले नाही.

मास्तरांना म्हटलं, हीटर लावूच नका. ते हो म्हणाले. पण तिला थंडी सोसत नाही, अंगावर मांस कुठे राहिलंय.

१६ नोव्हेंबर

आज त्यांनी मला गळती शोधायची रीत समजावून सांगितली. अगदी सोपी. एकेक दार बंद करायचं आणि ऐकायचं. ज्या खोलीचं दार बंद केल्यावर हवा जायची थांबते, तीच गळकी. मग ती कायमची बंद करायची. बाकीचे वाचतात.

मी विचारलं, आत कुणी असलं तर?

त्या विचारात पडल्या. खरंच पडल्या, कपाळावर आठी आली. म्हणाल्या की सरावात तसं कधी झालं नाही. आणि सरावात कुणी मरत नाही, नाही का?

१७ नोव्हेंबर

संस्थेत तीनदा फोन. शेवटी स्पष्ट सांगितलं की मी फॉर्ममध्ये खोटं लिहिलं. पोटरी, पंखा, सगळं सांगितलं. पलीकडच्या मुलीनं फॉर्मची तारीख लिहून घेतली. मग म्हणाली, परवा सकाळी दहाला गाडी पाठवते, दोन माणसं येतील, तोवर त्यांना एकटं सोडू नका.

एकटं सोडू नका. मी कालपासून बसल्या बसल्या पेंगते आहे.

दिवसभर घरात दारं वाजतात. एक बंद. थांबणं. उघडतं. दुसरं बंद.

१८ नोव्हेंबर

डोकं दुखतंय. हीटर बंद ठेवून झोपले तरी दुखतंय — झोप नाही म्हणून असेल.

मास्तरांनी सकाळी कप्तानांना ओळख पटावी म्हणून लग्नातला फोटो दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला. म्हणाल्या, हे माझे यजमान, खाली वाट बघताहेत. तुम्ही त्यांच्यासारखे दिसता, म्हणून तुम्हाला निवडलं असेल.

मास्तर स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. मी गेले नाही.

मग ते बाहेर आले आणि म्हणाले, उद्याची गाडी नको ताई. मला नाही ओळखत, ठीक आहे, पण माझ्याशी चांगली वागते.

मी म्हटलं, गाडी येणार.

कप्तान जिन्यात उभ्या होत्या. ऐकलं असावं —

१९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ

गाडीचा फोन. वाटेत बंद पडली. दुपारनंतर येतील, तीन वाजतील.

माझा फोन टेबलावर ठेवला होता, तो आता नाही. मास्तरांचाही नाही. कप्तान म्हणतात, तपासणी चालू असताना उपकरणं एका जागी ठेवायची असतात. कुठे, ते सांगत नाहीत.

कपाटातली चार रिळं — दोनच आहेत.

तिथेच, दुपार

जेवण झालं. मास्तर बसायच्या खोलीत कोचावर लवंडले. कप्तान त्यांच्या अंगावर शाल घालत होत्या. इतक्या हळुवार, की मी दारात थांबून पाहिलं. हीटर बंद होता. मी स्वतः पाहिलं. मग पाच मिनिटं पाठ टेकायला वर आले. फक्त पाच —

जाग आली ती डोकं फुटतंय म्हणून. माझा हीटर चालू होता. मी लावला नव्हता. उठताना पडले. पाय कुठे आहेत ते पाहूनच कळत होतं. रांगत जाऊन तो बंद केला. वर जाळीवर पट्टी. दाराला बाहेरून कडी. दाराच्या चारी फटी बाहेरून बंद, मधेमधे पट्टी ओढल्याचा आवाज येत होता, लांब, सरळ.

खिडकीची पट्टी नखांनी काढली. उघडली. गज आहेत. तोंड बाहेर काढून श्वास घेतला. ओकले. आता लिहिता येतंय.

ओरडले. आवाज नाही निघत. टायरचं दुकान बंद. रस्त्यावर कुणी नाही.

ही वही गजांतून खाली रस्त्यावर टाकणार आहे. जो उचलेल त्यानं — पांढरं दुमजली घर, शेवटचं. खालच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ कोचावर झोपलेत. गॅसचा हीटर आहे. त्यांना आधी बाहेर काढा. त्या बाईला मारू नका, तिला कळत नाही. ती अजून वरच आहे. माझी चूक आहे. फॉर्मवर माझी सही आहे, २८ तारखेची —

दाराशी आल्या. ऐकतायत. कान लावलाय, केसांचा आवाज होतो लाकडावर.

मी विचारलं, कप्तान, मास्तर कुठे? खालचा हीटर चालू आहे का?

त्यांनी दारातूनच सांगितलं. आवाज किती शांत. म्हणाल्या,

“खालची गळती थांबली. ते छान झोपलेत. आणि बघा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा चेहरा थकलेला नाही. गालांवर लाली आलीय.”

लाली — नाही — कप्तान, दार उघडा, ते —

गेल्या. पावलं. या खोलीतून हवा जातेय म्हणाल्या, खिडकीचा आवाज ऐकू येतो, अजून पट्टी आणते म्हणाल्या.

टाकतेय वही. बेल वाजवू नका, उघडणार नाही कुणी. खालची काच. डाव्या हाताची. आधी काच फो